घरातल्या गाण्यांसाठी हातात धरायचा वेगळा कंट्रोलर घेण्यात अजून अर्थ आहे का? की फोनच पुरे?

सुरंगीचा_वळेसर, वेंगुर्ले

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण घराची रचना सांगितल्याशिवाय सल्ला देणं कुणालाच जमणार नाही म्हणून सगळंच लिहिते. घर चिऱ्याचं, कौलारू, लांबट. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, वर माडी. माडीवर जुन्या डेस्कटॉपवर लिरियन म्युझिक सर्व्हर टाकलाय, म्हणजे पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर, गाणी साठवून खोल्याखोल्यांत पाठवणारं सॉफ्टवेअर. त्याच्यात बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेलं सगळं आहे, नाट्यसंगीत, भजनं, डबलबारी, दशावताराची रेकॉर्डिंग्ज. ओटीवर आणि माजघरात रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू हे चिमुकले संगणक, त्यांच्यावर सर्व्हरची गाणी वाजवणारं पायकोअरप्लेअर, आणि दोन्ही घरातल्याच जुन्या ॲम्प्लिफायरना जोडलेत. आवाज मस्त येतो, पावसात इंटरनेट गेलं तरी घरातली गाणी चालूच राहतात, तिथे काहीच तक्रार नाही.

अडचण चालवण्याची आहे. सगळा कारभार माझ्या फोनवरून, आणि मी सकाळी कामाला सावंतवाडीला गेले की घरात गाणी असून नसल्यासारखी. आईच्या फोनवर ॲप टाकून दिलंय पण तिचे हात कायम ओले नाहीतर पिठाचे, त्यात फोन लॉक होतो, तो उघडून ॲप शोधून परत जोडणी होईपर्यंत तिचा उत्साहच जातो. बाबांची बोटं थरथरतात, काचेवर एका ठिकाणी टेकवायला जातात आणि दुसरंच काहीतरी चालू होतं, मग ते फोन खाली ठेवून देतात. हाच माणूस टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून, पुढेमागे करून, नेमकं हवं ते पद काढायचा, कुणाला हाक मारायला लागायची नाही. आता गाणी कितीतरी जास्त आहेत पण लावायला दुसऱ्याची वाट बघावी लागते, हे मला पटत नाही.

तर प्रश्न असा की जुना स्क्वीझबॉक्स कंट्रोलर सेकंडहँड मिळतोय, चाकवाला, तो घ्यावा का? की असल्या वस्तूंचा काळ संपला आणि आता त्यात पैसे घालू नयेत? पुढे काही नवीन येण्यासारखं आहे का या प्रकारात? चेष्टेवारी नेऊ नका, मला खरंच ठरवायचंय, चतुर्थीच्या आधी बसवायचा विचार आहे.

खाडीपलीकडे, दाभोळ

अर्थ आहे ताई, आणि चांगलाच आहे. कुठला घ्यायचा ते नंतर बघू, आधी ही वस्तू मागे का पडली ते सांगतो कारण त्यातच तुमचं अर्धं उत्तर आहे.

घरभर गाणी पोचवायची कल्पना आली तेव्हा कंट्रोलर हा त्याचा मुख्य भाग होता. सोनॉस कंपनीचा घरभर वाजणारा पहिला संच 2005 साली बाजारात आला, आयफोन यायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळे त्यांना सीआर100 नावाचा रंगीत स्क्रीनचा आणि गोल चाकाचा कंट्रोलर स्वतःच बनवावा लागला. स्क्वीझबॉक्स त्याच्याही आधीचा, स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीचा, 2003 चा, पण त्याचा डिस्प्ले प्लेअरवरच आणि सोबत टीव्हीसारखा साधा इन्फ्रारेड रिमोट. 2006 ला लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि 2008 ला ड्युएट काढला, त्यात प्लेअरच्या डब्याला स्क्रीनच नाही, सगळं बघायचं आणि निवडायचं ते हातातल्या कंट्रोलरवर, 2.4 इंची रंगीत स्क्रीन, चाक, वायफाय. तुम्हाला मिळतोय तो हाच. पण त्याच वर्षी सोनॉसचं आयफोनवरचं ॲपही आलं, ते फुकट होतं, आणि कंट्रोलरला शेकडो डॉलर पडत होते. 2012 पर्यंत दोन्हीकडचे कंट्रोलर बंद झाले.

कंपनीच्या बाजूने हिशेब बरोबर होता. घराच्या बाजूने बघितलं तर फोन एका माणसाचा असतो, तो त्या माणसाबरोबर बाहेर जातो, आणि कंट्रोलर ओटीवरच्या फळीवर पडलेला असतो, जो येईल त्याने उचलावा. पाहुण्याने उचलावा, पोराने उचलावा, कुणाचा पासवर्ड नाही की कुणाचे मेसेज दिसत नाहीत. तुमच्या घरात नेमकी हीच गोष्ट हरवलीय, ॲप चांगलं की वाईट हा प्रश्नच नाहीये.

दुसरी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कंट्रोलरमधून गाणं जातच नाही. बटण दाबलं की सर्व्हरला फक्त छोटासा निरोप जातो, गाणं माडीवरून थेट ओटीवरच्या पायकडे. म्हणजे कंट्रोलरची बॅटरी संपली, तो पाण्यात पडला, कोणी उचलून घेऊन गेलं, तरी चालू असलेलं गाणं थांबत नाही. ब्लूटूथवर फोन घेऊन माणूस विहिरीवर गेला की गाणं तुटतं, तसं इथे होत नाही. आणि निरोप छोटा असल्यामुळे कंट्रोलरचं वायफाय जुनं, हळू असलं तरी काम चालतं.

आता तुम्हाला मिळतोय त्या जुन्या कंट्रोलरबद्दल. स्क्वीझबॉक्सची ऑनलाइन सेवा 2024 ला बंद झाली, पण तुमचा सर्व्हर घरातच आहे, त्यामुळे तुमचं काही अडत नाही. सर्व्हर आधीपासून मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे लोकांनी तो लिरियन नावाने पुढे चालू ठेवलाय. घेण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी हातात घेऊन बघा. चाक फिरवताना मध्येच उडी मारतं का, चार्जिंगच्या स्टँडवर ठेवल्यावर खरंच चार्ज होतो का, आणि बॅटरी बदलून मिळते का. इतक्या वर्षांची लिथियम बॅटरी आहे तशी वापरूच नका. आणि राउटरवर फक्त डब्ल्यूपीए3 (वायफायची नवी सुरक्षा) ठेवलं असेल तर तो जोडलाच जाणार नाही, डब्ल्यूपीए2 चालू ठेवावं लागेल.

नारळीबाग, अलिबाग

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच लिहितो. पंधरा सतरा वर्षं जुनी वस्तू, जिचे पार्ट मिळत नाहीत, ती आईवडलांच्या हातात देऊन आपण बाहेर जायचं म्हणजे ती बंद पडेल त्या दिवशी परत सगळं ठप्प. त्यापेक्षा प्रत्येक घरात एक जुना अँड्रॉइड फोन कपाटात पडलेला असतो, त्याच्यातलं सिम काढा, खाती काढा, नोटिफिकेशन सगळ्या बंद, स्क्रीन लॉक काढून टाका आणि ॲप पिन करून ठेवा म्हणजे दुसरं काही उघडतच नाही. त्यावर स्क्वीझर नावाचं ॲप टाका किंवा ब्राउझरमध्ये सर्व्हरचं मटेरियल स्किन, म्हणजे त्याचं वेबपान, उघडून ठेवा. झाला तुमचा कंट्रोलर, खर्च शून्य, स्क्रीन मोठी, मराठी नावं नीट दिसतात, शोधायचं तर मराठीत टाइप करता येतं. चाकावर हजारो गाण्यांतून एक शोधायला किती वेळ लागेल विचार करा.

आणि खास कंपनीने बनवलेल्या कंट्रोलरचं काय होतं ते पण बघा. सोनॉसने 2018 ला नव्या अपडेटबरोबर सीआर100 ची साथ सोडली. स्पॉटिफायने 2022 ला कार थिंग नावाचा गाडीत गाणी निवडायचा कंट्रोलर विकायला काढला, छान चाक होतं त्याला, त्याच वर्षी बनवणं थांबवलं आणि डिसेंबर 2024 ला ते सगळीकडे एकदम बंद केलं, लोकांच्या हातात चांगली चालणारी वस्तू होती आणि कंपनीने ठरवलं म्हणून ती निकामी. फोनचं तसं होत नाही, एक ॲप गेलं तर दुसरं टाकता येतं. त्यामुळे या प्रकाराला भविष्य आहे असं मला वाटत नाही.

खाडीपलीकडे, दाभोळ

नारळीबाग, कार थिंगचं उदाहरण बरोबर आहे पण त्यातून मी दुसराच अर्थ काढतो. ते बंद पडलं कारण त्याचा सगळा जीव कंपनीच्या सर्व्हरमध्ये होता. ड्युएटचा कंट्रोलर कंपनीने सोडून इतकी वर्षं झाली तरी घरातल्या सर्व्हरबरोबर चालतोय. म्हणजे वस्तू हातात धरायची आहे की खिशातली यावर तिचं आयुष्य ठरत नाही, ती कुणाशी बोलते यावर ठरतं. आणि ॲपचं म्हणाल तर 2024 च्या मे महिन्यात सोनॉसनेच आपलं ॲप नव्याने लिहून आणलं, त्यात अलार्मसारख्या साध्या सोयी सुरुवातीला गायब होत्या, लोक इतके चिडले की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. ॲपसुद्धा एका रात्रीत बदलतं आणि ते बदललं की म्हाताऱ्या माणसाची सगळी सवय जाते. बटणाची जागा कोणी अपडेटमधून हलवू शकत नाही.

जुना फोन वापरू नये असं मी म्हणत नाही. शोधाशोध करायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण वळेसर ताईंच्या बाबांना हजारो गाण्यांत शोधायचं नाहीये, त्यांना काय ऐकायचंय ते ठरलेलं आहे, आवाज कमीजास्त, थांबव, पुढचं, आणि आपली ठरलेली काही रेकॉर्डिंग्ज, एवढंच त्यांना न बघता करता यायला हवं.

राजापूरची_गंगा, राजापूर

वरचं न बघता करता यायला हवं हे वाक्य वाचलं म्हणून लिहायला घेतलं. आमच्या मावशीला फार कमी दिसतं. काचबिंदू. तिच्यासाठी गुळगुळीत काचेची वस्तू म्हणजे भिंत, कुठे काय आहे काही लागत नाही हाताला, आणि चुकून बोट लागलं तरी काहीतरी होतं त्यामुळे ती हातातच घ्यायला घाबरते. कुणीतरी बोलून चालणारा स्पीकर घ्या म्हणालं, पण आमच्याकडे पावसात लाइन तुटली की इंटरनेट नसतं, मग तो ऐकूनच घेत नाही, आणि मावशीचं बोलणं राजापूरकडचं, तिने बाहेरच्या यंत्रासाठी आपली भाषा बदलून बोलावं हे आम्हाला कुणालाच योग्य वाटलं नाही.

आम्ही साधा इन्फ्रारेड रिमोट केला. पायला इन्फ्रारेड रिसीव्हर जोडायचा, 38 किलोहर्ट्झवाला, तीन पायांचा छोटासा भाग असतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. पायकोअरप्लेअरमध्ये गाणी वाजवणारा जो स्क्वीझलाइट प्रोग्राम चालतो त्याच्यात इन्फ्रारेडची सोय आधीपासून आहे. रिमोट बाजारातला टीव्हीचा, मोठ्या रबरी बटणांचा. आकड्यांच्या बटणांना सर्व्हरच्या आवडत्या यादीतल्या गोष्टी जोडल्या, 1 ला सकाळची भजनं, 2 ला नाट्यसंगीत, असं. रिमोटवर 5 च्या बटणाला बहुतेक वेळा छोटा उंचवटा असतो, तिथून ती बोटाने मोजत जाते. आवाजाच्या बटणावर चिकट डिंकाचा एक ठिपका दिलाय. जी बटणं नको होती ती आतून कागद लावून बंद केली, हे महत्त्वाचं, नको ते बटण दाबलं जाण्याची भीती गेली की माणूस मोकळेपणी वापरतो.

फार जुनी पद्धत आहे, मान्य, आणि भिंतीपलीकडे जात नाही, ज्या खोलीत बसायचं तिथल्या पायलाच रिसीव्हर लागतो, रिमोटही त्या दिशेला धरायला लागतो. पण वायफायशी जोडणी वगैरे काही नाही, दाबलं की लगेच होतं, आणि पेन्सिल सेल महिनोनमहिने जातात. स्क्वीझबॉक्स रेडिओ नावाचा प्लेअर होता त्याच्यावर 6 प्रीसेट बटणं होती, कल्पना तीच. मावशी आता दुपारी स्वतः लावते आणि स्वतः बंद करते. नारळीबाग, तुमचा फोनचा उपाय तुमच्यासाठी चांगला असेल, पण भविष्य नाही म्हणताना अशा माणसांचा विचार करा ही विनंती.

नारळीबाग, अलिबाग

हे पटलं. ज्याला दिसत नाही किंवा हात थरथरतो त्याच्यासाठी बटणच हवं, त्यावर माझा काही वाद नाही. माझा आक्षेप जुनी महागडी वस्तू शोधून आणण्याला आहे, तो कायम आहे.

सुरंगीचा_वळेसर, वेंगुर्ले

सगळ्यांचे आभार, गंगाताई तुमचं वाचून एकदम दिशा मिळाली. पण आमच्याकडे आणखी एक आहे. चतुर्थीला मुंबईहून सगळे येतात, घर भरलेलं असतं, ओटीवर आरत्या आणि भजनाची तयारी, त्याच वेळी मागे स्वयंपाकघरात बायकांना वेगळं काहीतरी ऐकायचं असतं. तेव्हा खोलीप्रमाणे वेगळं लावायला आणि कधी सगळीकडे एकच लावायला जमलं पाहिजे, तेही कुणालाही. आणि बाबांना नुसते आकडे चालतील का शंका आहे. त्यांना कॅसेटचं कव्हर बघून आठवतं कुठे काय आहे ते, सगळ्या कॅसेटी अजून डब्यांसकट ठेवल्यात, टाकू देत नाहीत. स्क्रीनवर कव्हर दिसणारं काही छोटं बनवता येईल का?

कुडाळचो_झील, कुडाळ

ताई मी कुडाळचो, ह्या असला कायमाय जोडाजोडीचा काम करीत आसतंय म्हणान लिवतंय, बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांका समजात.

कॅसेटचे डबे ठेवलेत ना, मग स्क्रीन कशाला पाहिजे? एनएफसीचे स्टिकर मिळतात, नाण्याएवढे गोल, त्यांना बॅटरी लागत नाही, रीडरच्या दोन तीन सेंटिमीटरवर आणले की आपला क्रमांक सांगतात. एकेक स्टिकर एकेका डब्याच्या आत चिकटवायचा आणि सर्व्हरला सांगून ठेवायचं की हा क्रमांक आला की हे रेकॉर्डिंग लाव. बाबांनी डबा उचलायचा, रीडरवर टेकवायचा, गाणं सुरू. त्यांची निवडायची पद्धत बदलायलाच नको, तेच डबे, तीच चित्रं, तीच अक्षरं. पुढेमागे स्टिकर खराब झाला तर दुसरा लावायचा, काही रुपयांची वस्तू आहे.

रीडरसाठी मला एम5स्टॅक डायल बरं वाटतं. ईएसपी32 या छोट्या वायफाय चिपचीच जात आहे, गोल, 1.28 इंची स्क्रीन, भोवती फिरणारी कडी, आणि आत रीडर आधीपासून बसवलेला. कडी फिरवली की आवाज, दाबली की थांब आणि चालू, डबा टेकवला की नवीन रेकॉर्डिंग. लिरियनला आज्ञा द्यायला फार काही लागत नाही, सर्व्हरच्या 9000 पोर्टवर एक छोटी जेसन विनंती, म्हणजे ठराविक साच्यातला मजकूर, पाठवायची, त्यात कुठला प्लेअर हे त्याच्या मॅक ॲड्रेसवरून (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) सांगायचं. प्रोग्राम थोडा लिहायला लागतो, पण लोकांनी असले बरेच प्रकार करून उघड्यावर ठेवलेत, त्यातला एखादा घेऊन बदलता येईल. अडलं तर इथे विचारा, मी मदत करतो.

एक इशारा देतो कारण ही गोष्ट विकत घेतल्यावरच कळते. असल्या छोट्या स्क्रीनच्या नेहमीच्या लायब्ररींना देवनागरी नीट मांडता येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी सुटी दिसतात, नाट्यसंगीत लिहायला गेलात तर वाचताना डोकं दुखेल. फोनमध्ये ते आपोआप होतं कारण तिथे अक्षरजुळणीचं पूर्ण इंजिन असतं. म्हणून स्क्रीनवर अक्षरं ठेवूच नका, हवं तर नावाचं आधी चित्र करून ते दाखवा, नाहीतर फक्त आवाजाचा आकडा आणि कव्हरचा फोटो. मराठी माणसासाठी कंट्रोलर बनवायचा तर मुळात हाच प्रश्न आधी सुटायला पाहिजे आणि बनवणारे कोणी तिकडे लक्षच देत नाहीत याचं मला खूप वाईट वाटतं. आपल्या गाण्यांची नावं आपल्या अक्षरात दिसली पाहिजेत, यात जास्त काही मागत नाही आपण.

वेगवेगळ्या खोल्यांचं म्हणाल तर लिरियनमध्ये प्लेअर एकमेकांना जोडून एकत्र वाजवायची सोय आहेच. होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलंत तर त्यात लिरियन जोडता येतो आणि मग झिगबीचं (कमी विजेवर चालणारी बिनतारी जोडणी) साधं बटण किंवा फिरवायची घुंडी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावता येते. एक दाबलं की सगळीकडे एकच, दोनदा दाबलं की आपापलं वेगळं. झिगबीची बटणं गोल सेलवर चालतात, सतत झोपलेली असतात म्हणून सेल खूप टिकतो, आणि दाबल्यावर वायफायसारखी जागी व्हायला वेळ घेत नाहीत. ओल्या हाताने पण दाबता येतं, आईची तीच अडचण होती ना.

भविष्य विचारलंत म्हणून, माझ्या मते ते हेच आहे. मोठी कंपनी पुन्हा शेकडो डॉलरचा कंट्रोलर काढेल आणि आपण घेऊ असं मला दिसत नाही. पण सर्व्हर घरात आणि त्याच्याशी बोलायची भाषा उघडी असली की ज्याला जसं पाहिजे तसं बटण लावता येतं, कुणाला घुंडी, कुणाला डबा, कुणाला रिमोट.

बाजारपूल, चिपळूण

इथे सगळे कंट्रोलरवर बोलताहेत, मी वीज आणि ओलीवर बोलतो कारण कोकणात वस्तू मरते ती त्याने.

2021 च्या जुलैमधल्या पुरात आमच्या बाजारात पाणी पार वरपर्यंत चढलं होतं, खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, त्यानंतर सर्व्हर आणि राउटर वर ठेवायचे हे आम्ही ठरवूनच टाकलं. ताईंचा माडीवर आहे ते उत्तम. पण डेस्कटॉप असल्यामुळे वीज खूप खातो, तो बदलून पाय 4 वर आणलात तर रिकामा असताना तीनचार वॅटमध्ये भागतं आणि इन्व्हर्टरवर राउटरसकट तासन्‌तास चालतो. तोपर्यंत निदान डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ मेनूत) वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असतं ते चालू करा, नाहीतर तुम्ही सावंतवाडीला, वीज येऊन गेली आणि बाबा डबा टेकवत बसलेत असं होईल. पायकोअरप्लेअरचं चांगलं हे की तो सगळा रॅममध्ये चालतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी कार्ड खराब व्हायचा धोका फार कमी.

जुना फोन कंट्रोलर म्हणून ठेवणाऱ्यांनी तो रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवू नये. शंभर टक्क्यांवर कायम राहिलेली लिथियम बॅटरी उष्णतेत फुगते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये कौलाखाली किती तापतं ते सांगायला नको. चार्जर टायमरवर लावा, दिवसाचा थोडा वेळ पुरतो. जुना स्क्वीझबॉक्स कंट्रोलर घेतला तरी त्याचं स्टँडवर कायम बसणं हाच त्याचा शत्रू. आणि खारी हवा बटणांच्या आत जाते, संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात, म्हणून रबरी पडद्याची बटणं उघड्या बटणांपेक्षा जास्त टिकतात, गंगाताईंचा रिमोट त्या दृष्टीने चांगली निवड आहे. सेलचं झाकण वर्षातून एकदोनदा उघडून बघा, सेल फुटून पाणी आलं असेल तर लगेच काढा.

सुरंगीचा_वळेसर, वेंगुर्ले

बाबांना कॅसेटच्या डब्याचं सांगितलं तर त्यांनी लगेच कुठले डबे आधी घ्यायचे ते काढून ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे ते ठरलंच. ओटीवर डायल आणि डबे, आईसाठी स्वयंपाकघराच्या दाराशी झिगबीचं बटण, आणि पाहुण्यांसाठी जुना फोन मटेरियल स्किन लावून माजघरात, चार्जर टायमरवर. जुना कंट्रोलर सध्या घेत नाही, बॅटरीची खात्री विकणारा देत नाहीये.

एक शेवटचं विचारते. पडवीत तिसरा पाय लावायचाय पण मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती आहेत आणि पावसाळ्यात तिथे वायफाय फारच कमी येतं. झिगबीचं बटण तरी तिथून पोचेल का?

खाडीपलीकडे, दाभोळ

चिरा पावसात पाणी धरतो आणि पाणी 2.4 गिगाहर्ट्झची लहर शोषून घेतं, म्हणून पावसाळ्यात कमी येतं, तुमचा राउटर खराब नाही. 5 गिगाहर्ट्झ तर अशा भिंतीतून आणखी कमी जातं, आणि झिरो 2 डब्ल्यूला ते मुळात नाहीच. पडवीत गाणं न अडकता पोचवायचं तर माडीवरून लॅनची केबल कौलाखालून खाली आणा आणि पडवीत छोटा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा, एकदाच करायचं काम आहे. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक (दर्जा न घालवता लहान केलेली गाण्याची फाइल) सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास मागतं, त्याला मोठा वेग लागत नाही, पण मध्येच तुटलेलं चालत नाही.

झिगबी पण 2.4 वरच आहे म्हणून भिंतीची अडचण तीच. फक्त झिगबीत विजेवर चालणारी उपकरणं निरोप पुढे ढकलतात, तेव्हा माजघरात आणि स्वयंपाकघरात एकेक झिगबीचा प्लग लावा, ते एकमेकांना साखळीने जोडून घेतील. वायफाय राउटरवर चॅनल आपोआप निवडायचं बंद करून 1 वर ठेवा आणि झिगबी 25 वर, म्हणजे दोघांची टक्कर होणार नाही. केबल टाकल्यावर पडवीतला ॲक्सेस पॉइंट 6 वर. आणि राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायम करून ठेवा, डायलच्या प्रोग्रामात तोच लिहावा लागतो, बदलला की डायल मुका होतो.

कुडाळचो_झील, कुडाळ

ताई, स्टिकर घेताना एनटॅग213 प्रकारचे मागा, आणि डब्यावर आतून चिकटवताना धातूची क्लिप किंवा पट्टी जवळ नाही ना ते बघा, धातूजवळ वाचत नाही. पहिले पाचसहा डबे लावून बघा, मग बाकीचे. प्रोग्रामची फाइल उद्या इथे टाकतो, तुमच्या दोन्ही पायचे मॅक ॲड्रेस त्यात कुठे भरायचे ते वर लिहून ठेवतो.